चार बोटांचा ठसा

आपल्या भजनघरातल्या या वहीत दोन वर्षांपूर्वी मी एक अनुभव लिहिला होता. एकादशीला तो वाचूनही दाखवला. वाचून झाल्यावर दोघांनी डोळे पुसले, एका वृद्ध गृहस्थांनी मला आलिंगन दिलं, आणि राजवाड्यामागच्या गल्लीतून परत जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. तो अनुभव चुकीचा होता. जाणूनबुजून खोटं लिहिलं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल, आणि तेही म्हणताना जीभ अडखळते. त्या पानाच्या पुढचंच पान मी आज भरतो आहे. पहिलं पान फाडून टाकावं असं फार वाटलं, पण ते राहू द्यावं हेच बरं. मी कोण होतो हे त्यावर चांगलं दिसतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी मुळापासून सांगतो. माझे वडील राजवाड्यात पोथ्यांच्या नकला करत. राज्य गेलं, इंग्रजांचा अंमल आला, आणि मी कलेक्टर कचेरीत कागदांच्या नकला करू लागलो. तीस वर्षं दुसऱ्याची अक्षरं उतरवून काढली. शेवटी शेवटी पूजेला बसलो तरी मनात कचेरीचे कागदच फडफडत. मूलबाळ नव्हतं. एके दिवशी वाटलं, उरलेले दिवस देवाच्या सान्निध्यात, मातीजवळ, हातानं पिकवून खात काढावेत. तिरुवैयारूच्या अलीकडे, कुडमुरुट्टी नदीच्या एका वायकालावर, म्हणजे पाटाच्या कालव्यावर, आमची वडिलोपार्जित थोडी भातजमीन होती. तिथं मातीच्या भिंतींचं, झावळ्यांनी शाकारलेलं दोन खणांचं घर बांधलं आणि कुटुंबासह राहायला गेलो. एक गाय, शेवग्याची दोन झाडं, परसात केळी, कोहळा, वांगी. देवापुढं संकल्प सोडला की मिठाशिवाय बाहेरचं काही घ्यायचं नाही, आपल्या जमिनीत होईल तेवढंच खायचं, आणि कोणत्याही जिवाला दुखवायचं नाही.

संकल्प मी सोडला, पाळला मात्र दोघांनी. कुटुंबाला कॉफीची सवय होती. तिनं ती एका दिवसात सोडली आणि महिनाभर डोकं धरून बसे, पण कुणापाशी बोलली नाही. मी मात्र शहरात आलो की तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी "आग्रहाखातर" कॉफी घेत असे. आग्रह करणारे आज इथं बसले आहेत, त्यांना आठवत असेल की मला फार आग्रह करावा लागत नसे. ही बारीकशी लाज आधीच सांगून टाकतो, म्हणजे मोठी सांगायला धीर येईल.

आमच्याकडच्या बांधांना खेकड्यांचा मोठा उपद्रव असतो. कालव्याच्या बांधात ते भोकं पाडतात, भोकातून पाणी पाझरतं, पाझराची धार होते, आणि पाऊस आला की बांध जातो. म्हणून सगळे शेतकरी खेकडे धरतात. चेरीतली, म्हणजे गावाबाहेरच्या अस्पृश्य वस्तीतली माणसं ते खातातही. छातीत कफ झाला की खेकड्याचं सार देतात. माझ्या जमिनीत मी याला मनाई केली. जीव तो जीव. शेजारचा कुडियानवर, जुना अनुभवी शेतकरी, मला म्हणाला, "सामी, बांध ठेवायचा असेल तर खेकडा ठेवून चालत नाही." मी हसून म्हटलं, ज्यानं खेकड्याला घर दिलं तोच माझा बांध सांभाळील. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढं मी ते वरचेवर म्हणू लागलो.

आणि खरोखरच बांध सांभाळला गेला. पहिल्या वर्षी आजूबाजूला दोन ठिकाणी बांध फुटले, माझा नाही. मी सकाळी स्नान करून बांधावर जाई तेव्हा भोकं बुजलेली दिसत. प्रत्येक भोकात ओल्या चिकणमातीचा गोळा घट्ट दाबलेला, आणि त्यावर बोटांचे ठसे. पाच नव्हेत, चार. मी थरारलो. रात्री कुणी येत नाही, गडी मी ठेवला नव्हता, कुटुंब तर घरात. मग कोण? त्याचं उत्तर मला ताबडतोब मिळालं, कारण मला तेच हवं होतं. मी या वहीत लिहिलं की अहिंसेचं व्रत पाळणाऱ्या दासासाठी परमेश्वर स्वतः चिखलात हात घालतो. तुम्ही मंडळी बैलगाड्या करून पाहायला आलात. घरापुढच्या ओट्यावर बसून दोन विद्वान गृहस्थांचा वाद झाला. चार ठसे म्हणजे चार वेद, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, चतुर्भुजाच्या चार हातांचं एकेक बोट. त्यांचा निवाडा झाला नाही, पण जाताना दोघांनीही एकेक वाळलेला गोळा उपरण्यात बांधून नेला. आणखी तिघांनी नेला. एक मी आमच्या देवघरात विठ्ठलाच्या पायाशी ठेवला आणि त्यावर रोज फूल वाहू लागलो.

दुसऱ्या वर्षी आश्विनात एकदा मला लवकर जाग आली. नुकतं फटफटत होतं. बांधावर कुणीतरी वाकलेलं दिसलं. वाटलं, आज दर्शन होणार. अनवाणी, श्वास रोखून पुढं गेलो, तर एक काळीसावळी बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून भोकात हात घालत होती, आणि शेजारी मडक्यात खेकडे खडबडत होते. मी तिला ओळखलं. माझ्या खालचं वावर जो मुत्तन अर्धेलीनं करी, त्याची ही बायको वीरायी. दर्शन हुकल्याचा राग म्हणा, व्रत मोडल्याचा म्हणा, मी असा ओरडलो की झाडावरचे बगळे उठले. दुरून ओरडलो हे सांगायला नको. स्नान व्हायचं होतं, तरी सावली पडू नये एवढं अंतर मी राखलंच.

ती तमिळमध्ये बोलली, मी आपल्या भाषेत लिहितो. "सासूच्या छातीत कफ भरलाय, सामी. दोन-चारच घेते," ती म्हणाली. मी विचारलं, किती दिवस चाललंय हे? तिनं मडक्यावर हात धरला. मी तिला मडकं उपडं करायला लावलं. खेकडे बांधाच्या चिखलात सुरसुर शिरले. ती काहीतरी सांगायला गेली, "सामी, भोकं तेवढी..." पण मी ऐकून घेतलं नाही. पुन्हा बांधावर पाऊल टाकलंस तर वावराच्या मालकाला सांगून मुत्तनला ते सोडायला लावीन, असं म्हणालो. कचेरीतल्या साहेबाचा जो सूर तीस वर्षं मी ऐकत आलो होतो, तो माझ्या तोंडून इतका हुबेहूब निघाला की मलाच नवल वाटलं. ती रिकामं मडकं घेऊन गेली. मी स्नान केलं, पूजा केली, आणि जिवांचे प्राण वाचवल्याबद्दल देवासमोर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्यानंतर बांधावर ताजे गोळे दिसेनात. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. मी समजूत घातली की पापी हात लागल्यामुळं देव रुसला असेल. एक अनुष्ठान धरलं. कुटुंब म्हणाली, "अनुष्ठान बेष आहे, पण सोबत एक फावडंभर मातीही घालत जावा." मी तिला श्रद्धेवर एक छोटंसं प्रवचन दिलं. ती ऐकून गोठ्यात निघून गेली.

कार्तिकात पाऊस धरला. तीन दिवस ढग हलले नाहीत आणि वायकाल काठोकाठ भरला. चौथ्या दिवशी सकाळी मी ओल्या सोवळ्यानं पूजेला बसलो होतो, तेव्हा कुटुंबाची हाक आली. तिची हाक मी चाळीस वर्षं ऐकली आहे, पण अशी कधी नाही. बाहेर आलो तर बांधातून हातभर रुंद धार भातात कोसळत होती, आणि तिच्याबरोबर वाळू. भात तेव्हा पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात होतं. वाळू चढली असती तर ते गेलंच होतं. आमचं वर्षाचं अन्न तेवढंच, कारण बाहेरचं घ्यायचं नाही हा माझाच संकल्प. आणि माझं वावर भरलं की पाणी जाणार मुत्तनच्या वावरात. त्यांनी तर कसला संकल्प सोडला नव्हता. त्यांना फक्त जगायचं होतं.

मी काय केलं? हे लिहिण्यासाठीच बसलो आहे, तेव्हा लिहितो. मी बांधावर उभा राहिलो, हात जोडले, डोळे मिटले आणि विठ्ठलाचा धावा सुरू केला. भक्ती होती की भय होतं, की ओलं सोवळं चिखलात न्यायची नामुष्की होती, देव जाणे. बहुधा तिन्ही. डोळे उघडले तेव्हा भगदाड दीड हात झालं होतं आणि त्यात वीरायी उभी होती. चेरीच्या बाजूनं ती कधी धावत आली मला कळलं नाही. तिला मी बोलावलं नव्हतं. मी तर तिला बांधावर पाऊल टाकू नकोस म्हटलं होतं. तिनं पाठ प्रवाहाला टेकवली, पाय माझ्या भाताच्या बांधात रोवले, आणि पाणी तिच्या खांद्यावरून उडू लागलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओरडली, "सामी, हात जोडू नका, माती द्या!"

आयुष्यात मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. हा एकच असा निघाला की ज्याचा अर्थ विचारावा लागला नाही. मी माती खणली. पण मंडळी, लाजेचं शेवटचं टोक अजून पुढंच आहे. मी गोळा घेऊन गेलो आणि तो तिच्या हातात दिला नाही. वरून टाकला. हाताला हात लागू नये म्हणून. पहिला पाण्यात पडून विरघळला. दुसराही. तिसराही मी तसाच टाकला. ती नुसती वाहून जाणाऱ्या मातीकडे पाहत राहिली. तेवढ्यात कुटुंबानं गोठ्याच्या छपराची विणलेली झावळी उपटून आणली, लुगडं खोचून ती वीरायीच्या शेजारी पाण्यात उतरली, आणि मला म्हणाली, "हातात द्या. अहो, हातात द्या की!" आमच्या लग्नानंतर एवढ्या मोठ्यानं ती माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली.

मग मी खाली उतरलो. झावळी आडवी लावली, मागून पेंढा, त्यावर माती. मी द्यायचो, वीरायी घ्यायची, दाबायची. मुत्तन चार माणसं घेऊन आला, त्यांनी खुंट ठोकले. ऊन वर येईतो धार थांबली. मी धापा टाकत बांधावर बसलो आणि माझ्यासमोर, अगदी हातभर अंतरावर, ओल्या मातीत ठसे होते. चार बोटांचे. वीरायी शेवटची फट बुजवत होती. मी तिच्या उजव्या हाताकडे तोपर्यंत कधी पाहिलंच नव्हतं. करंगळी नव्हती. कापणीच्या वेळी विळ्यानं गेली, असं तिनं नंतर सांगितलं.

मी तिथंच बसून राहिलो. देवानं माझा बांध राखला हे मी जे लिहिलं होतं ते खरंच होतं, फक्त मी त्याला शोधत होतो वर आणि तो येत होता चेरीकडून. रोज पहाटे येत होता. आणि ज्या दिवशी माझी त्याची समोरासमोर गाठ पडली त्या दिवशी मी त्याचं मडकं उपडं करायला लावलं.

धीर करून मी तिला विचारलं, "खेकडे न्यायला यायचीस हे ठीक. भोकं कशाला बुजवायचीस? मी तर तुला सांगितलंही नव्हतं." तिला प्रश्नच समजला नाही. ती म्हणाली, "खेकडा काढला की भोक राहतं, सामी. तसंच कसं टाकून जायचं?" एवढंच. त्यात पुण्य नव्हतं, माझ्यावर उपकार नव्हता. खालचं वावर त्यांच्याकडे होतं, तेही कारण असेल. पण तिनं कारण असं दिलंच नाही.

घरी आल्यावर कुटुंबाला विचारलं, तुला हे माहीत होतं का? ती भिजलेलं लुगडं पिळत होती. "होई. अस्कं ठाऊक होतं. पहिल्या वर्षापासून. परसातल्या फणसाखाली तिच्यासाठी ताक ठेवत होतें मी." मग सांगितलं का नाहीस? तिनं लुगडं झटकलं आणि वाळत घातलं. "भजनघरात वाचून आलांत त्या दिवशी तुमचं तोंड पाहिलं. लहान पोरासारखं फुललं होतं. कसाला सांगू? वाटलं, होंदे, चाललंय ते चालू दे. चुकलंच माझं." चुकलं तिचं नव्हतं. पण ती तसं म्हणाली म्हणून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

त्या वर्षी तिसरा हिस्सा भात वाळूखाली गेलं. मुत्तनचं बहुतेक वाचलं. चैत्रात आमची कणगी तळाला लागली. मी मनात म्हटलं, संकल्प आहे, उपास पडतील तर पडोत. अजून ताठा पुरता गेला नव्हता. एका सकाळी ओट्याखाली नाचणीची टोपली दिसली. वीरायी शेवग्यापाशी उभी होती, देण्याचा आविर्भाव नाही की संकोच नाही. तिची सासू त्या पावसात गेली होती. खेकड्याच्या सारानं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण मी ते सार तिच्या तोंडापर्यंत जाऊ दिलं नाही, हे खरं, आणि त्याची क्षमा मी मागितली तेव्हा वीरायी म्हणाली, "म्हातारी झाली होती, सामी," आणि विषय बदलला. त्या नाचणीची आंबील आम्ही दोघांनी प्यायली. देवाच्या जिवावर जगतो म्हणत मी जो जगत होतो, तो त्या दिवशी पहिल्यांदा खरा त्याच्या जिवावर जगलो.

आता बांधावर मनाई नाही. पहाटे वीरायी पुढं असते आणि मी मागं. ती खेकडा काढते, मी भोक बुजवतो. खेकड्याच्या जिवाचं काय, याचं उत्तर मजपाशी नाही. मी स्वतः मारत नाही, खात नाही, आणि जे खातात त्यांच्यापेक्षा मी वर आहे असं आता म्हणत नाही. माझे गोळे तिला पसंत पडत नाहीत. टाचेनं दाबा म्हणते. त्या वेळी तोंडात नाम असतं. जोडायला हात मोकळे नसतात, त्याबद्दल तो अजून तरी रागावलेला दिसला नाही.

मागच्या आठवड्यात मी तिला सगळं सांगितलं. तिच्या हातचे गोळे शहरात गेले, देवघरांत बसले, त्यांना गंधफूल वाहतात, चार वेदांवरून वाद झाला, सगळं. मला वाटलं ती भिईल, नाही तर तिला भरून येईल. ती आधी हसली, पदर तोंडाला लावून पुष्कळ वेळ हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "चांगली चिकणमाती आहे ती, सामी. लांबून आणलेली. परत आणा. बांधाला अजून भोकं आहेत."

आमच्या देवघरातला गोळा मी दुसऱ्या दिवशी भिजत घातला आणि बांधात लावला. तुमच्या पाच जणांच्या घरी पाच आहेत. कुणाचा हात त्यावर आहे हे आता तुम्हाला कळलं. ज्यांना तो घरात ठेववणार नाही त्यांना मी दोष देत नाही. मीसुद्धा तीन गोळे पाण्यात टाकले आहेत. एवढीच विनंती आहे की तो उकिरड्यावर टाकू नका. मी दाराशी येईन. माझ्या हातात द्या.